दिपमालाची साक्ष

बसा भाऊ, जरा टेका. चहा येतोय तवर एक गोष्ट सांगतो. गोड नाही बरं, आधीच सांगून ठेवतो. मागनं म्हणाल, कुठं बसवलं ह्या म्हाताऱ्यानं.

पिंपळनेरच्या वरल्या अंगाला, डोंगराकडं, एक पाडा आहे. तिथं ख्रिस्ती लोकांची बारकी मंडळी. पत्र्याचं प्रार्थनाघर, खाली सतरंज्या, भिंतीवर चुन्यानं काढलेला क्रूस. मंडळी चालवायचा प्रेमराज. पगारी पाळक, म्हणजे पाद्री, नव्हे, आपला शेतात राबणारा गडी. पण जीभ अशी, की ऐकणाऱ्यानं बैल विकून द्यावा. लोक त्याला काय काय विचारायचे. पोरगी कुठं द्यावी, बोअर कुठं मारावी, ऊसतोडीला गुजरातेत जावं का नको. प्रेमराज डोळे मिटायचा, मान हलवायचा, न् सांगायचा, "प्रभूनी इच्छा अशी शे." 'मला ठाऊक नाही' हे त्याच्या तोंडून कधी निघालंच नाही. देव जणू त्याच्या बांधाला बांध लावून राहत होता. काही खरं निघायचं, बाकीचं लोक विसरायचे.

माणूस वाईट नव्हता हं. कुणाकडं मयत होऊ द्या, खड्डा खणायला पहिला तोच. पण शहाणा म्हणवून घ्यायची चटक लागली होती, न् ती बिडीपेक्षा वाईट.

त्याच पाड्यावर तानुबाई. नवरा गेलेला, एकच लेक, दिपमाला. पोर हसरी, कामाला वाघीण, पण तिला फेफरं यायचं. डॉक्टरनं गोळ्या लावल्या न् फेफरं थांबलं. तानुबाई प्रेमराजकडनं कपाळाला तेल लावून प्रार्थनाही करवून घ्यायची. दोन्ही चालू होतं, कुणाचं काही अडत नव्हतं.

अडलं ते साक्षीवर. त्यांच्यात रीत आहे. प्रार्थनेनं गुण आला, की माणसानं मंडळीपुढं उभं राहून सांगायचं, देवानं माझ्यासाठी हे केलं. त्याला साक्ष म्हणतात. त्या उन्हाळ्यात पिंपळनेरला मोठी सभा होती, चारी अंगाच्या मंडळ्या येणार होत्या. प्रेमराजच्या मनात आलं, दिपमालाला तिथं उभं करावं.

तानुबाईच्या ओट्यावर बसून तो म्हणाला, "तानुअक्का, पोर बरी झाई ना?"

"झाई ना भाऊ. गोळी चालू शे, देवबी शे."

"गोळी खाईसन साक्ष दिधी, तर महिमा कोना? देवना का गोळीना?"

तानुबाई हसली. "दोन्हीस्ना थोडा थोडा राहू दे. देव काय रागावस?"

प्रेमराज हसला नाही. त्यानं डोळे मिटले, मान हलवली. "प्रभू म्हणस, गोळी बंद कर."

आता प्रभू काही म्हणाला नव्हता. हे प्रेमराजला त्या घडीलाही ठाऊक होतं. आत काहीतरी कचरलं त्याचं. पण हा आपला विश्वास डगमगतोय असं समजून त्यानं ते दाबून टाकलं.

तानुबाईनं गोळ्या बंद केल्या न् दिपमालानं साक्ष दिली. टाळ्या पडल्या, बाया रडल्या. प्रेमराजचा हात डोक्यावर ठेवून घ्यायला परगावच्या माणसांची रांग लागली.

मग थोड्याच दिवसांत पोर पांझरा नदीवर धुणं घेऊन गेली. एकटीच. फेफरं आलं न् पाण्यात पालथी पडली. उन्हाळ्यातलं पाणी ते, शेरडू बुडणार नाही एवढं. लोक पोचले तवर सगळं झालं होतं.

खड्डा प्रेमराजनंच खणला. खणताना उखर्डूआबा जवळ आला, मंडळीतला जुना जाणता. हळूच बोलला, "प्रेमराज, लोक कुजबुज करी राह्यनात. तू सांगी टाक, घरमा विश्वास कमी व्हता. तानु लपीसन गोळी देत व्हती."

"देत व्हती का?"

"कोणले ठाऊक? पण मंडळी टिकाले पाहिजे ना. तू पडना ते बठ्ठा पडतीन."

प्रेमराज कुदळ मारत राहिला. सोपं होतं हो. डोळे मिटायचे, मान हलवायची. एक वाक्य, न् नाव शाबूत. तानुबाईच्या बाजूनं उलट बोलायला होतं कोण?

पेटी खाली उतरली. प्रार्थना म्हणायला तो पुढं झाला, तर तानुबाई उठली. रडत नव्हती.

"भाऊ, तुले देवनं बठ्ठं माहीत शे," ती म्हणाली. "मग सांग. मन्ही आंडेर, मन्ही पोर का गई? मन्हा विश्वास कमी पडना का?"

बघा, बाईनं स्वतःच मान पुढं केली. सुरी तेवढी फिरवायची होती. प्रेमराजनं सवयीनं डोळे मिटले, न् मिटल्याबरोबर त्याला भ्या वाटलं. लोकांचं नव्हे. इतकी वर्षं ज्याच्या तोंडात आपले बोल घालत आलो, तो इथंच उभा आहे न् ऐकतोय, असं त्याला झालं. जन्मभर देवाचं नाव घेतलं, पण देवाला भ्याला तो त्या दिवशी.

मातीच्या ढिगाऱ्यावर तो गुडघे टेकून बसला. "अक्का, माले माहीत नही. गोळी बंद कर, हाई देवनी सांगेल नव्हतं. ते मी सांगेल व्हतं. तुन्हा विश्वास कमी नव्हता. खोटा मी शे."

उखर्डूआबानं कपाळाला हात लावला. तानुबाई प्रेमराजकडं वळली.

"हाई तवय सांगाले पाहिजे व्हतं," ती म्हणाली. "आते तुन्हा खरंनं मी काय करू?"

त्याला तिनं प्रार्थना म्हणू दिली नाही. आपणच दोन शब्द पुटपुटली न् माती लोटली.

तुम्हाला वाटेल, पुढं लोकांनी त्याला मानलं असेल. कशाचं. निम्मी मंडळी दुसऱ्या प्रचारकाकडं गेली, त्याला सगळं ठाऊक असतं. प्रेमराज प्रार्थनाघर झाडतो, मागच्या सतरंजीवर बसतो. कुणी देवाची इच्छा विचारली तर म्हणतो, "माले ठाऊक नही भाऊ, चाल, दोन्ही मिळीसन इचारू." आजारी माणसासाठी प्रार्थना करतो, न् मग दवाखान्याच्या गाडीत त्याच्यासंगं चढतो. लोकांना असला माणूस मिळमिळीत वाटतो. मला विचाराल तर त्याचं शहाणपण तिथनं सुरू झालं. पण त्याची किंमत दुसरीच कुणी भरून गेली. तानुबाई अजून त्याच्याशी बोलत नाही, न् ती बोलावी असं तोही म्हणत नाही.

तुम्ही त्याच अंगाला चाललात ना? मग तानुबाईकडं जरूर टेका. पाणी देईल, प्या. पोरीचं काढलं तर ऐकून घ्या. फक्त एवढं करा भाऊ, देवानं असं का केलं, ते तिला समजावू नका.