दोन हाका

ऑलिव्हला आरपार भोक होतं, आणि प्रांजली ते काट्याच्या टोकावर धरून त्यातून पलीकडच्या टेबलावरचा पिवळा दिवा बघत होती — भर दुपारी दिवे कशाला लावतात हे लोक — तेवढ्यात हाक आली. "पांजेऽ…" लांबून, काचेबाहेरच्या उताराकडून, शेवटचा स्वर ओढत वाऱ्यावर सोडून दिलेली. या शहरात तिला पांजी म्हणणारं कुणीही नव्हतं. शाळेच्या बाईंनी हजेरीत लिहिलेलं प्रांजली हे नाव आईच्या जिभेवर कधी बसलंच नाही, म्हणून पांजी. आणि आई, बानाबाई, या घटकेला इथून चाळीसेक किलोमीटरवर, पाणी आटून उघड्या पडलेल्या धरणाच्या तळात मेंढरांजवळ असणार होती.

कुणी हाक मारली का, असं तिनं विचारलं. सईला काहीच ऐकू आलं नव्हतं. अजून लिंबूसोडाच चाललाय हिचा, एवढ्यात चढली कशी, असं म्हणून केयूर हसला, आणि प्रांजलीही हसली, कारण हसायला वेळ लावला की माणसं नीट बघायला लागतात.

सई तिच्याबरोबर औषधांच्या कंपनीत, त्याच प्रयोगशाळेत काम करायची. केयूर सईचा नवरा. प्रांजलीची नोकरी कायम झाली म्हणून या दोघांनी हट्टानं तिला इथं आणलं होतं, बीड बायपासवरच्या या नव्या इटालियन हॉटेलात, आणि काय मागवायचं हे तिला कळत नाही असं अजिबात न दाखवता तिच्यासाठी मागवलंही होतं. माणसं चांगली होती, हीच तर पंचाईत. वाईट असती तर आज यायला नाही म्हणता आलं असतं. टेबलावर पाटी होती, लागेल तेवढंच पाणी मागा, आणि पेलेही अर्धेच भरले जात होते. बारच्या ओट्यावर मात्र घमेलंभर बर्फ होता. बर्फाला दुष्काळ नसतो.

आईनं गुरुवारीच सांगितलं होतं. कुरणं कुंपणात गेली, बिडकीनकडं कारखान्यांसाठी माळ आखले गेले, चारा नाही, पाणी नाही, मुंजाबा — प्रांजलीचा बाप — जाऊन दोन वर्षं झाली. आता मेंढरं देऊन टाकायची आणि लेकीजवळ शहरात यायचं. हे प्रांजलीनंच वर्षभर तिच्या गळी उतरवलं होतं. आई शेवटी हो म्हणाली, आणि लगेच पुढं म्हणाली, "बेपारी इतवारी येतोय, दुपारी. तू ये बाई. माझ्याच्यानं एकटीनं देणं व्हायचं नाय."

आणि मी म्हणाले, सुट्टी नाही गं मला. किती सहज म्हणाले… रविवारी आमची प्रयोगशाळा बंद असते हे आईला काय माहीत! सईला सांगता आलं असतं की माझ्या आईची मेंढरं चाललीत, मला जाऊ दे. पण सईला मी 'आई शेती करते' असं सांगितलं आहे. तेही कधी सहजच सांगितलेलं. मघाशी गाडीत फोन दोनदा थरथरला, दोन्ही वेळा आईच, आणि दोन्ही वेळा मी तो पर्समध्ये उलटा करून ठेवला, कारण केयूरनं गाणी लावली होती आणि कंपनीत गाणी वाजत नाहीत.

पिझ्झा आला. पातळ, कडेनं करपलेला. ही भाकरीच की, फक्त ज्वारीची नाही, असं केयूर म्हणाला आणि त्यानं लाल तिखटाची पुडी सबंध पिझ्झ्यावर उपडी केली. सई त्याला गावंढळ म्हणाली. प्रांजलीनं तुकडा उचलला, नजर सहज काचेबाहेर गेली, आणि तुकडा परत ताटलीत ठेवला. समोर शहराला लागूनच्या सातारा गावाचा डोंगर होता. इमारतींच्या फटीतून त्याची कड दिसत होती, मधेच बसलेली, ओझ्यानं वाकलेल्या पाठीसारखी… आणि ही कड याच बाजूनं, याच कोनातून तिनं पाहिली होती.

तेव्हा बायपासच्या पलीकडं घर नव्हतं की दुकान नव्हतं. दिवाळी उरकून मेंढरं खाली निघाली की दोन दिवस मुक्काम इथंच पडायचा. मी आठ वर्षांची, बाभळीखाली कोकरं राखत बसलेली, भर बाराचं ऊन, चिटपाखरू नाही — आणि हाक आली होती. पांजेऽ… मग जरा वेळानं दुसरी. मी ओ देत पळत सुटले. आई तीन दगडांच्या चुलीशी भाकरी थापत बसली होती आणि माझ्याकडं बघतच राहिली. तिनं हाक मारलीच नव्हती. पिठाच्या हातांनीच तिनं माझ्यावरून मीठ-मिरच्या उतरवल्या, त्या चुलीत टाकल्या, आणि ठसका आला तेव्हा कुठं तिचा जीव जागेवर आला. मग म्हणाली, "माळावर हाक आली तर तिसरीपस्तोर ओ द्यायची नाय. त्याला दोनच हाका मारता येत्यात. जित्या माणसाला तीन."

"पांजेऽ…"

दुसरी. यावेळी जवळून, बारच्या ओट्यामागून, जिथं बाटल्या मांडल्या होत्या तिथून… आणि प्रांजलीनं हा आवाज ओळखला. आईचा म्हणून नव्हे. ते तर होतंच. आठ वर्षांची असताना ऐकलेली हाक हीच होती. तेव्हा आई तिशीचीही नव्हती, ठणठणीत गळ्याची, एका आरोळीत कळप वळवणारी बाई. आणि त्या हाकेतला आवाज घोगरा होता, दमलेला, मधेच चिरकणारा. पोरीला ते तेव्हा कळलं नाही. आईच्या आवाजात कुणीतरी म्हातारी तिला बोलावत होती. आईचा आजचा आवाज, वीस वर्षं आधी, याच जागी.

आईंना कळवलंस का कायम झाल्याचं, किती आनंद झाला असेल त्यांना, असं सई विचारत होती. प्रांजली म्हणाली, हो, सांगते. मग तिनं फोन काढला आणि तिथंच बसून लावला. ज्यांच्याशी संपर्क साधायचा ते क्षेत्राबाहेर आहेत, असं एका गोड बाईनं तिला मराठीत सांगितलं, मग इंग्रजीत सांगितलं. पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई.

आता तिसरी यायला हवी. ती ऐकत राहिली. काट्यांचे आवाज, बर्फाचे आवाज, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या टाळ्या, केयूर काहीतरी सांगत होता… सगळं बाजूला सारत ती त्या एका जागेकडं कान लावून बसली, जिथून तिसरी हाक येईल आणि सगळं ठीक होईल. बेपारी येऊन गेला असेल, आई रागावली असेल, शिव्या देत असेल, पण असेल. मार ना गं. एकदाच मार. घोट गिळायचीही तिला भीती वाटत होती, त्या आवाजात ती बुडेल म्हणून.

नाही आली.

आणि तेव्हा तिला वाटलं, आईनं आपल्याला सगळं सांगितलंच नव्हतं. जितं माणूसही दोनदा हाक मारून गप्प बसतं. उन्हात एकटं उभं राहून दोनदा फोन लावतं, आणि मग फोन कनवटीला खोचून समोर येईल त्याला तोंड देतं. तिसरी हाक मारायला समोरचं माणूस येईल असं वाटावं लागतं. आणि समजा ते जितं नसेल… हा शब्द मनात आला आणि तिनं तो मागं लोटला नाही… तरी मी ओ कुणाला द्यायची नाही? आईला?

"ओऽऽ," प्रांजली म्हणाली.

माळावर देतात तशी, पोटातून, लांब. आजूबाजूची बोलणी थांबली. केयूरचा पेला हातातच राहिला, आणि सईनं तिचं मनगट धरून हळूच विचारलं, "काय झालं गं?"

"माझी आई बोलावतीय," ती म्हणाली. "मेंढरं राखते ती. आज मी तिथं असायला हवी होते."

हे बोलताना लाज येईल असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं. ती आली नाही. तिची जागा रिकामीच राहिली. भीती मात्र होती तशीच होती, फक्त ती आता स्वतःसाठी नव्हती.