साठवून ठेवलेलं पान

संघदीप गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी मी त्याचं नाव यादीतून काढलं. घाई केली असं वाटेल, पण कारण होतं. त्याचा मोबाइल आता त्याच्या आईकडे, कुसुममावशीकडे होता, आणि रक्तदात्यांच्या आमच्या साइटवर ओ निगेटिव्ह गटात एकच नाव आणि एकच नंबर होता, त्याचा. घरातली माणसं अजून धड जेवत नव्हती, आणि कोणीतरी अनोळखी माणूस फोन करून आईलाच विचारणार, संघदीप आहे का, रक्त पाहिजे होतं. हे होऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाकी काही सुचत नव्हतं. रडूही आलं नव्हतं. नाव काढलं, पान पुन्हा उघडून पाहिलं, नाव नव्हतं. मग मी दुकानाचं शटर वर केलं आणि लोकांचे फॉर्म भरत बसलो.

कुडव्याला माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. २०११ साली साइटची कल्पना संघदीपनेच काढली. मोबाइल टॉवरच्या जनरेटरची देखभाल करायचं त्याचं काम, त्यामुळे सगळा जिल्हा त्याच्या गाडीच्या चाकाखाली. आमच्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आजाराची पोरं घरोघरी, आणि रक्त लागलं की बाप गावभर विचारत फिरतो. तर एक यादी करू, तो म्हणाला, ज्याला पाहिजे तो स्वतःच नंबर काढेल. मी केली. एक पान, आठ रक्तगट, नावं आणि नंबर. साध्या बटणाच्या मोबाइलवरही ते उघडायचं.

ज्या सॉफ्टवेअरवर ती बनवली त्याचा मोठेपणा असा, की त्याला हवं ते जोडता येतं. सरकणारे फोटो पाहिजेत, तयार तुकडा मिळतो. किती लोकांनी पाहिलं त्याचा आकडा पाहिजे, तोही मिळतो. या तुकड्यांना प्लगिन म्हणतात, आणि बहुतेक फुकट असतात. फुकट म्हटल्यावर आपल्याकडे नाही कोण म्हणतो? साइट चालवणाऱ्या आमच्या समितीचे अध्यक्ष खेमराजभाऊ तर मुळीच नाही. त्यांना सत्काराचे फोटो पाहिजे होते, सदस्यांच्या वाढदिवसाची पट्टी पाहिजे होती, गोंदियाचं तापमान पाहिजे होतं. रक्त शोधणाऱ्याला तापमान कशाला, हे मी विचारलं नाही. मीही हौशीने जोडत गेलो, खोटं कशाला बोलू. वर्षभरात अकरा प्लगिन झाले.

मग एक दिवस संघदीपचा फोन आला. म्हणाला, "अबे अश्विन, टॉवरच्या खाली उभा आहो मी. टॉवरच्या खाली! अन् तुही साइट उघडून नाई राहिली."

मी म्हटलं, माझ्याकडे तर दोन सेकंदांत उघडते. तो दुसऱ्या दिवशी दुकानात आला आणि स्वतःचा मोबाइल माझ्यासमोर धरून बसला. तीन मिनिटं आम्ही दोघं नुसते पाहत होतो. आधी खेमराजभाऊंचा शालीतला फोटो आला, मग तापमान, आणि नावं सगळ्यात शेवटी. संघदीपने मला आणि भाऊंना एका दमात जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या मी नंतर कोणाच्या खाल्ल्या नाहीत.

साइटवरचे फोटो हटवायला भाऊ तयार होईनात. तेव्हा मी बारावा प्लगिन जोडला. त्याचं काम सोपं होतं. एरवी कोणी साइट उघडली की ते अकराही तुकडे दर वेळी नव्याने राबून पान तयार करत. हा बारावा तयार पानाची एक प्रत साठवून ठेवतो आणि येईल त्याला तीच देतो. ढाब्यावर सकाळी शिजवलेली भाजी दिवसभर वाढतात, तसं. प्रत किती दिवसांनी टाकून द्यायची ते आपण ठरवायचं. जितकी जुनी चालवाल तितकी साइट हलकी. आमची यादी वर्षातून दोनदा बदलायची, म्हणून मी लिहिलं, सांगेपर्यंत टाकू नको. पान चार सेकंदांत उघडायला लागलं आणि संघदीप खूश झाला. पुढच्या नोव्हेंबरात कोहमाऱ्याच्या चौकात ट्रकने त्याच्या गाडीला उडवलं.

फेब्रुवारीत खेमराजभाऊंना संघदीपच्या आठवणीचं पान करायचं सुचलं, हार घातलेल्या फोटोसह. मला हो-नाही काहीच वाटलं नाही. फोटो आणायला मी चोरखमाऱ्याला, त्याच्या गावी गेलो. मावशी अंगणात तांदूळ पाखडत होती. जयभीम झाला, चहा झाला. ती फोटो शोधायला आत गेली आणि तेवढ्यात खाटेवर ठेवलेला संघदीपचा मोबाइल वाजला.

तिने बाहेर येऊन तो उचलला. "नाई बाप्पा," ती म्हणाली, "नोव्हेंबरातच गेला तो. तुमचं कोन भरती आहे?" मग थोडा वेळ ऐकत राहिली आणि फोन ठेवून पुन्हा आत वळली.

मी विचारलं, कोणाचा होता? रक्तवाल्यांचा, ती म्हणाली. महिन्यात तीन-चार येतात.

मी माझा मोबाइल काढून साइट उघडली. हा नवा हँडसेट होता, यात मी पासवर्ड टाकून मालक म्हणून साइटवर कधी शिरलोच नव्हतो. पान लगेच उघडलं. इतकं लगेच, की माझ्या कामाचा मला अभिमान वाटला असता. ओ निगेटिव्ह. संघदीप, आणि त्याचा नंबर.

तेव्हा सगळं डोक्यात आलं. साठवलेली प्रत परक्यांसाठी असते, मालकाला साइट नेहमी ताजं पान देते. दुकानात मी कायम मालक. मला नाव दिसत नव्हतं आणि बाकी जिल्ह्याला दिसत होतं. बदल केला की जुनी प्रत आपोआप टाकायची सोय बाराव्या प्लगिनमध्ये होती, पण आमची यादी वेगळ्याच प्लगिनची होती. दोघांची बनवणारी माणसं वेगळी, त्या तुकड्यांची एकमेकांशी ओळखच नव्हती. तिसऱ्या दिवशी नाव काढल्याचं समाधान मी तीन महिने बाळगून होतो.

ती प्रत तिथूनच पुसायची म्हणून मी मालकाच्या बाजूने शिरलो. तिकडे साठवलेलं काही चालत नाही, बाराही प्लगिन आपापलं काम करून मगच दार उघडतात. पडद्यावर गोल फिरायला लागला. मावशी समोर बसली.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"मले वाटलं तुम्हीच ठेवलं असन त्याचं नाव," ती म्हणाली. "आठवन म्हनून."

गोल फिरत होता. मग तिने आपणहून जानेवारीतलं सांगितलं. एका बापाचा फोन आला, सात वर्षांची पोरगी गोंदियाला भरती होती. बोलता बोलता तो रडायला लागला. मावशी म्हणाली, पोरगा नाही, पण मी येते. सकाळच्या एसटीने ती गेली. दवाखान्यात बोट टोचून पाहिलं आणि सांगितलं, बाई, तुमचं बी पॉझिटिव्ह आहे, चालणार नाही. शिवाय तुमच्याच अंगात रक्त कमी आहे.

"म्या म्हटलं, त्याच्या अंगात रक्त तं माहंच होतं," मावशी म्हणाली. "मंग माहं काऊन नाई चालत?"

रक्तगट कसा ठरतो हे शाळेत शिकलो होतो, सांगता आलं असतं. पोरीचं काय झालं, एवढंच विचारलं. माहीत नाही, ती म्हणाली, त्या माणसाचा पुन्हा फोन आला नाही. मला काहीतरी व्हायला हवं होतं. झालं नाही. मी पडद्याकडे पाहत होतो.

साइटचं दार उघडलं. मी ती प्रत पुसली आणि परक्यासारखं बाहेरून पान पाहिलं. या वेळी ते रेंगाळत आलं, नव्याने तयार होत होतं ना. ओ निगेटिव्ह, आणि खाली एक ओळ, या गटात सध्या नोंद नाही.

मी मावशीला म्हटलं, आता तुम्हाला कोणाचा फोन येणार नाही. ती सुपातल्या तांदळावर बोटं फिरवत राहिली.

"मंग त्या लोकायनं कोनाले फोन करावा?" तिने विचारलं.



ती उठली, खाटेवरचा मोबाइल घेतला आणि आत जाऊन चार्जिंगला लावला.