आडव्या रेषा

आगपेटीची टोकदार काडी आनंदरावांच्या खिशातच होती. आज ती बाहेर काढायची नाही, असं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं.

सव्वीस वर्षं ते कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये अटेंडंट होते. खिडकीतल्या आरशानं ऊन आत घ्यायचं, उन्हाचे रंग सुटे करणाऱ्या वर्णपटमापीच्या बारीक फटीतली धूळ काडीनं काढायची आणि बाजूला व्हायचं. मग त्या यंत्राच्या दुर्बिणीत ते रंग दिसत आणि त्यांत सूर्याच्या उभ्या काळ्या रेषा.

जूनमध्ये हुडकेश्वरची सोनिका नवी मॅडम म्हणून आली, त्यांच्या मुलीहून लहान. पहिल्याच तासाला तिनं सांगितलं, की तांबड्या रंगातल्या ठळक रेषेच्या मधला उजेड सूर्याच्या वातावरणाच्या वरच्या थरातून येतो आणि कडांचा खालच्या थरातून. आनंदरावांच्या पोटात दुखायला लागलं. फट पुसूनपासून रेष रोज दाखवायची यांनी, आणि तिच्या पोटातलं माहीत हिला! इतक्या वर्षांत कुठल्याच सरांनी त्यांना सांगितलं नव्हतं, त्यांनीही विचारलं नव्हतं. राग मात्र आला तो हिचाच.

आज फेब्रुवारीतल्या प्रदर्शनाला शाळेच्या मुली आल्या होत्या. फटीतल्या धुळीमुळे सगळ्या रंगांवर काळ्या आडव्या रेषा उमटल्या होत्या. एकीनं विचारलं, या कशाच्या? सोनिका शिकली होती ती कॉम्प्युटरवरच्या स्वच्छ चित्रांवर. तिनं डोळा लावला, स्क्रू फिरवले, पुस्तक चाळलं. तिचे कान लाल झाले. दाराशी उभे आनंदराव मजा बघत होते.

मग ती सगळ्यांदेखत म्हणाली, "मले नाही माहीत. आनंदरावकाका, तुम्हीच सांगा. या मशीनचं तुमच्याएवढं कोणाले समजते?"

आनंदरावांना मान वर करवेना.

"त्या सूर्याच्या नाही, मॅडम. धूळ हाय. आज मी मुद्दामच पुसली नाही."

"काहून, काका?"

त्यांनी खिशात हात घातला. काडी काढली, फटीतून अलगद फिरवली. आडव्या रेषा गेल्या.

मुली गेल्यावर सोनिकानं त्यांना स्टुलावर बसवलं. "आता तुम्ही पाहा. आधी रेषेच्या मधात, मंग कडेले." ते बराच वेळ पाहत राहिले.

एप्रिलअखेर ते रिटायर होणार होते. त्या संध्याकाळी निघताना त्यांनी ब्लेडनं काडीला नवं टोक काढलं आणि ती सोनिकाच्या टेबलावर ठेवली. घरी पोचेपर्यंत त्यांचा हात दोनदा खिशाकडे गेला.