सरकवलेली टिकली

"पोरगी एकोणीसची हाय," सोजरबाई म्हणाल्या. मी वय विचारलंच नव्हतं. आधी कुठं शिकली आहे का, एवढंच विचारलं होतं.

"न्हाय शिकलेली. मोठ्यांच्यात बसवा तिला. एकच गाणं यायला पायजे. लई खोलात शिरू नका."

त्यांच्यामागं त्यांची भाची पिंकी उभी होती. भर मे महिन्यात जरीच्या काठाची साडी. उंबरा ओलांडताना तिनं निऱ्या मुठीत गच्च धरल्या, पाणी साचलेल्या रस्त्यातून चालावं तशा.

"साडीतच वाजवायचंय," सोजरबाई म्हणाल्या, "म्हणून सवय करतीया."

मी घरीच शिकवते. पुढच्या खोलीत वर्ग, आतल्या खोलीत झोळीत माझी छकुली. दुपारी लहान मुलं, संध्याकाळी मोठी माणसं. लहानांच्या व्हायोलिनवर मी सुरांच्या जागी टिकल्या चिकटवते. बोट कुठं ठेवायचं ते डोळ्यांना दिसतं. मोठ्यांना टिकल्यांची लाज वाटते. त्यांनी कानानं जागा शोधायची.

दुसऱ्याच दिवशी पिंकी तासभर लवकर आली आणि मुलांच्यात जाऊन बसली. व्हायोलिनचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवून, मांडी घालून. मुलांच्या व्हायोलिनवरच्या टिकल्यांकडं बघत राहिली आणि मग हात वर केला.

"बाई, मलाबी टिकल्या लावा की."

मी लावल्या. थोड्या वेळानं परत हात वर.

"बाई, पानी पिऊन येऊ?"

संध्याकाळच्या वर्गातले गुरुशांतकाका पोस्टातून निवृत्त झालेत. त्यांनी पाणी प्यायला माझी परवानगी कधी मागितली नाही. उलट चहाच मागतात.

व्हायोलिनच का, हे सोजरबाईंनी हळूहळू सांगितलं. स्थळांना दाखवायला फोटो काढला होता. स्टुडिओवाल्यानं पिंकीच्या हातात तिथलं शोभेचं व्हायोलिन दिलं. पाहुण्यांनी फोटो बघून विचारलं, मुलगी वाजवते का? मानसिंग, म्हणजे पिंकीचे वडील, म्हणाले, व्हय, लहानपणापास्नं.

"माझा भाऊजी म्हंजे जिभंला हाड न्हाय," सोजरबाई हसून म्हणाल्या. "हातात वीणा दिली असती तर सरस्वती हाय म्हणला असता! आता निस्तरा आमी."

मीही हसले. पण रात्री छकुलीला पाजताना पिंकीच डोळ्यांसमोर येत राहिली. त्या मुलीची काडीसारखी मनगटं. टिकल्यांचं पाकीट दिसल्यावर उजळलेलं तोंड.

"मल्हार, ती पोरगी एकोणीसची नाही," मी नवऱ्याला म्हणाले.

"तू दाखला बघितलास का?"

"नाही."

"मग? काहीजणी दिसतात बारीक. तू स्वतः लग्नात शाळेतलीच वाटत होतीस. नसतं कुणाच्या घरावर बालंट आणशील." कूस बदलून तो म्हणाला, "आणि तू व्हायोलिन शिकवतेस. पोलीसपाटील नाहीस."

ते खरंच होतं. माझ्याकडं होता तो फक्त संशय. पण एकदा आला की तो घरातच राहायला लागतो. सोजरबाईंना मी विचारलं, बारावी कुठं केली? "झाली की तिकडंच," त्या म्हणाल्या आणि पिंकीच्या पदराची पिन नीट करू लागल्या. पिन नीटच होती. नवरामुलगा काय करतो? "चांगलं हाय सगळं." कार्यक्रम कधी? "व्हईल की." दर वेळी उत्तर यायचं, पण ते दार लोटून घेतल्यासारखं.

आणि पिंकीचा हात बसत चालला होता. इतर मुलं महिनोन्‌महिने गज खरवडत बसतात. हिचा गज तारेवर पडला की तिथंच राहायचा, मऊ. अशी विद्यार्थिनी माझ्याकडं कधी आली नव्हती. एरवी मी शेजारणींना हाका मारून ऐकवलं असतं. आता ती जितकं चांगलं वाजवायची, तितकं मला ते थांबवावंसं वाटायचं. पाहुण्यांना आवडलं की संपलंच.

म्हणून मी एक गोष्ट केली. ती यायच्या आधी, वर्गातलं जे व्हायोलिन ती वाजवायची, त्यावरची गंधाराची टिकली काढली आणि नखभर खाली चिकटवली. बेसूर वाजवील, पाहुणे तोंड वाकडं करतील, निघून जातील. ज्या हातांनी सूर शिकवते त्याच हातांनी हे केलं, आणि वर टिकली नीट दाबून बसवली.

पिंकी बसली. गज ओढला. बोट टिकलीवर गेलं, थांबलं, आणि आपणहून मागं सरकून बरोबर जागी बसलं.

"बाई," ती म्हणाली, "टिकली सरकलीया."

मला तिच्याकडं बघवेना. सोजरबाई कोपऱ्यावर भाजी घ्यायला गेल्या होत्या. छकुलीला मांडीवर घेऊन मी खाली पिंकीसमोर बसले.

"पिंकी, खरं सांग. कितवीत आहेस?"

तिनं दाराकडं बघितलं. "एकोणीस म्हणायचं हाय."

"मी कुणाला रागावणार नाही."

"जूनला दहावीत." मग घाईनं, "पुस्तकंबी घेऊन ठिवल्यात, चुलतबहिणीची. पन पाहुणं पसंत करून गेलं तर मग न्हाय. मावशी म्हणती, नीट वाजीवलंस तर तिकडं ते तुला नवं व्हायोलिन घेऊन देत्यात. देत्यात का वो बाई?"

छकुलीनं हात पुढं केला आणि तिची वेणी ओढली. पिंकी खुदकन हसली. शाळेच्या मैदानातलं हसू.

तेवढ्यात सोजरबाई आल्या. घामानं डबडबलेल्या, पिशवीत मेथी. त्यांना बघून पिंकीनं घाईनं गज चालू केला, तशा त्या दारातच थांबल्या आणि शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. डोळ्यांना पदर लावला.

"माझ्या बहिणीनं ऐकायला पायजे होतं," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं झाली तिला जाऊन. घरात बाईमाणूस न्हाय, बाप दिसभर रानात. पोरीला कुटं ठिवायचं? तुमीच सांगा बाई. एकदा तिचं बस्तान बसलं की मी सुटले." मग माझा हात धरून म्हणाल्या, "तुमीबी या की रविवारी. तुमाला बघून धीर धरील ती. पसंती आली की तितंच सुपारी फोडायची हाय, अन्‌ गुरुवारी हळद. मोहोळच्या अलीकडं कालव्यावर उतरायचं, अन्‌ मानसिंगची वस्ती कुणालाबी इचारायची."

इतके दिवस मी आडून आडून विचारत होते. आज त्यांनी सगळं आपणहून माझ्या हातावर ठेवलं, पाहुणीच्या हातावर साखर ठेवावी तसं. त्यांचा हात गरम होता आणि मेथीचा वास येत होता. त्या वाईट नव्हत्या. तशा असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"येते," मी म्हणाले. "छकुलीचं दूध गरम करून आलेच. पिंकी, तू वाजव."

स्वयंपाकघरात दूध ठेवलं आणि लहान मुलांच्या मदतीचा जो नंबर असतो तो लावला. छकुली खांद्यावर होती. तिकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं: मुलीचं नाव, वडलांचं नाव, ठिकाण, दिवस. मी सांगत गेले. माझ्याच घरात मी कुजबुजत होते.

"वय?"

"दहावीत जाणार आहे. चौदा-पंधरा असेल."

"खात्री आहे?"

बाहेर पिंकी चाल पहिल्यापासून वाजवत होती. गंधार लागला. चोख.

"हो," मी म्हणाले.

"रविवारच्या आत आमची माणसं जातील. तोवर घरच्यांना कळू देऊ नका, नाहीतर ते तारीख अलीकडं ओढतात. शाळेचंही बघू."

दूध उतू गेलं होतं. मी गॅस बंद केला आणि बाहेर आले. सोजरबाई मेथीची जुडी सोडून निवडायला बसल्या होत्या, माझ्याच घरची असल्यासारख्या. त्यांनी वर बघितलं.

"कुणाशी बोलत हुता?"

"माहेरचा फोन."

त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मी पंधरवडाभर त्यांच्याकडं जशी बघत होते, अगदी तशाच. हातातली मेथीची काडी तशीच राहिली.

"बाई," पिंकीनं हात वर केला, "पुढचं शिकवा की."

पुढचं, म्हणजे अंतरा, मी मुद्दाम शिकवला नव्हता, पाहुण्यांसमोर गाणं अर्धंच राहावं म्हणून. मी छकुलीला सोजरबाईंच्या मांडीवर दिलं. त्यांनी तिला घेतलं, पण नजर माझ्यावरून काढली नाही. मी पिंकीसमोर मांडी घालून बसले, माझं व्हायोलिन पायावर टेकवलं आणि अंतरा उचलला.