गाडी सुटायची धून

अहो, इकडे बघा ना, तिकिटांच्या यंत्राशेजारच्या काचेच्या कपाटात! मी कोतोएची गिटार बोलतेय. हो हो, तीच कोतोए, जिच्या गाण्याचा तुकडा इथे गाडी सुटताना वाजतो!

कोतोएनं मला घेतलं तेव्हा ती गोदीवर मासे निवडायची. घराच्या भिंती इतक्या पातळ, की शेजारचा शिंकला तरी ऐकू यायचं. म्हणून ती मला घेऊन गाद्यांच्या कपाटात शिरायची, दार ओढायची आणि हळूच गायची. ते गाणं तिथंच जन्मलं. धाकटी बहीण टोकियोला निघालेली, आणि ही म्हणतेय, ‘थांब ना, जाऊ नकोस.’

गाणं काय गाजलं म्हणता! मग गावानं त्याची सुरुवात घेतली आणि केली की गाडी सुटायची धून! ‘थांब’ हा शब्द यायच्या आतच गाडीची दारं बंद.

पुढे गावच्या सभागृहात तिचा कार्यक्रम झाला. मी ते सूर छेडले मात्र, अख्खी पुढची रांग पिशव्या उचलून उभी!

"अहो, बसा खाली! इथे कुठली गाडी?" एक आजी नवऱ्यावर खेकसल्या.

"मग धून कशी वाजली?"

"ती पोरगी वाजवतेय ना, डोळे आहेत की बटणं?"

सगळे खो खो हसले. कोतोएही हसली, पण तिची बोटं गारठलेली मला कळली. उरलेलं गाणं तिनं गायलंच नाही.

त्यात भर म्हणजे, स्टेशनमास्तरांनी इथे काचेत ठेवायला मलाच मागितलं. "कोतोएताई, गावाची शान आहे ही!"

"मग एकदा तरी गाणं पूर्ण वाजवाल?"

"अहो, गाडी खोळंबली तर सगळ्यांची माफी मागत फिरावं लागेल मला!" असं म्हणून ते इतके वाकले, की तिला नाही म्हणता येईना.

तेव्हापासून मी इथे. तारा सैल, तोंड बंद. दर गाडीला माझंच गाणं सुरू होतं आणि ऐन घशाशी येऊन तुटतं. जीव गुदमरतो हो!

काल ती आली होती, खांद्यावर नवी गिटार. काचेवर हात ठेवून उभी राहिली. धून वाजली, लोक धावले, ही हललीच नाही. धून तुटली तिथून तिनं पुढचं उचललं, ‘थांब ना...’, आणि थेट शेवटापर्यंत गायली!

"ताई, गाडी गेली की!" मास्तर धावत आले.

"जाऊ दे, मास्तर."

पुढच्या गाडीनं तीही गेली. मी आहे तिथेच.

तुमचीही गाडी लागली वाटतं? पळा, पळा. पण एखाद्या दिवशी चुकवा ना एक गाडी, माझ्यासाठी.