परक्या हद्दीतली हजेरी

मिरचीच्या रानात शेळ्या घुसल्या म्हणून इसक्कीमुत्तूने शेजारच्या करुप्पसामीच्या डोक्यात काठी घातली. म्हातारा जागीच गेला. इसक्की पळाला तो कोइमतूरकडच्या एका सूतगिरणीत हमाल होऊन राहिला.

वकीलबाई सोर्णम फोनवर म्हणाल्या, "आपल्या कोर्टात येऊ नकोस. पायरीवरच पोलीस उचलतील. तिकडच्याच मॅजिस्ट्रेटपुढे उभा राहा. थेट तुरुंगात जाशील, मार वाचेल."

त्याला हायसं वाटलं. मग त्याने बहिणीला फोन लावला.

"हजर होतोय, अक्का."

पोन्नुत्ताई रडायला लागली. "हो रे बाबा, लवकर हो. तुझ्या दाजींना ठाण्यात डांबलंय. तू मिळेपर्यंत सोडत नाहीत."

"आणि तू आत्ता सांगतेस?"

"त्यांनीच बजावलं होतं. पोरगं जिवाचं बरंवाईट करून घेईल म्हणाले."



दुसऱ्या दिवशी सोर्णमबाईंनी त्याला कोर्टात उभं केलं. मॅजिस्ट्रेटबाईंनी कागद वाचले. "गुन्हा माझ्या हद्दीतला नाही. पण आरोपी स्वतःहून समोर उभा आहे, त्याला रस्त्यावर कशी सोडू? कोठडीत पाठवते. पुढे तिथल्या कोर्टात नेतील." मग नेहमीचा प्रश्न विचारला, "पोलिसांनी मारलंबिरलं?"

"मला नाही, अम्मा. माझ्या दाजींना मारतायत."

सोर्णमबाईंनी त्याची बाही ओढली.

"ते माझ्यापुढे नाहीत," मॅजिस्ट्रेटबाई म्हणाल्या.

"मी आहे ना! माझ्या जागी त्यांना धरलंय. मला त्या ठाण्यातच पाठवा."

एक शिपाई फिसकन हसला. बाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, इसक्कीचा जबाब शब्द न् शब्द उतरवून घेतला आणि तिथल्या मॅजिस्ट्रेटना लगेच कळवला. संध्याकाळी त्याचा दाजी चेल्लदुरै सुटला. तो परोट्याच्या हॉटेलात कामाला होता. आता उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती.

महिन्याभराने तो तुरुंगात भेटायला आला. "जेवतोस ना नीट?" त्याने विचारलं.

इसक्की त्या बोटांकडेच बघत राहिला. "जामिनासाठी धावपळ नका करू, दाजी."

"वा रे शहाण्या! मग मी मार खाल्ला तो काय हौस म्हणून?"

"मी मारलंय त्यांना, दाजी. करुप्पसामींना."

चेल्लदुरै जाळीला कपाळ टेकून उभा राहिला. "ठाऊक आहे रे," तो हळूच म्हणाला. "सगळ्या गावाला ठाऊक आहे."