तिघींतली ओपल कोण

आमच्या कॉलनीत टपालपेटीला कोणता रंग द्यायचा याचा नियम आहे. अंगणात प्लास्टिकचा फ्लेमिंगो चालतो, पण त्याचं तोंड रस्त्याकडे असता कामा नये. पंचावन्नच्या आतल्या माणसाला इथे घर मिळत नाही, त्यामुळे सगळ्यांकडे वेळ भरपूर. आणि फ्लोरिडाच्या उन्हात दुपारी बाहेर पडायची सोय नाही, म्हणून लोक घरात बसून नियम करतात. मला त्याचं काही वाटत नाही. मी आयोवात जन्मभर दुसरीच्या मुलांना शिकवलं. नियम करणारी आणि नियम मोडणारी, दोन्ही प्रकारची माणसं मला आवडतात. फक्त दोघांनाही अधूनमधून पाणी पिऊन या, असं सांगावं लागतं.

पण ज्या नियमाने आमच्या घरावर गदा आली तो मला ठाऊकच नव्हता. एका घरात एक कुटुंब राहू शकतं, आणि एकमेकांशी नातं नसलेली माणसं असतील तर जास्तीत जास्त दोन. आम्ही तिघी झालो होतो.

घर माझं. माझा नवरा गेल्यावर मी मागची खोली बर्निसला भाड्याने दिली. बर्निस क्लीव्हलंडला शहराची बस चालवून निवृत्त झालेली. अजूनही घरात कोणी आलं की ती त्यांना दारात उभं राहू देत नाही, आत सरका म्हणते. तिसरी लव्हॉन. ती अलाबामाची, तिचं ब्यूटी पार्लर होतं. स्वतःच्या केसांचा लाल रंग तिने अजून सोडलेला नाही. पलीकडच्या गल्लीत ती भाड्याने राहायची. मालकाने घर विकलं तेव्हा दोन बॅगा आणि एक गुलाबी सोफा घेऊन ती आमच्याकडे आली, दुसरी जागा मिळेपर्यंत म्हणून. तिला मिळणाऱ्या पेन्शनमध्ये दुसरी जागा मिळणार नाही, हे तिघींना माहीत होतं आणि तिघींपैकी कोणी बोललं नाही.

नाही म्हणायला तिचा मुलगा ड्वाइट होता, नॉर्थ डाकोटात. त्याने आईसाठी तळघरात खोली तयार केली होती आणि त्या खोलीचा फोटो पाठवला होता. फोटोत एक खिडकी होती, आणि खिडकीभर बर्फ. लव्हॉनने तो फोटो आम्हाला दाखवला आणि पर्समध्ये ठेवून दिला. पुढे ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. लव्हॉन पोटदुखीबद्दल, नवऱ्यांबद्दल, शेजाऱ्यांच्या नवऱ्यांबद्दलही बोलते. ती गप्प बसली म्हणजे प्रकरण गंभीर.

रोज दुपारी चार वाजता आम्ही ‘वरचा मजला’ बघायचो. मालिका जुनी, आमच्या तरुणपणातली, आणि प्रत्येक भाग पाठ. पिट्सबर्गमध्ये एका लाँड्रीच्या वर तीन बायका राहतात. ओपल थापा मारते, फ्रान सगळ्यांना शिकवते आणि टिली इतकी चिक्कू की चहाची पिशवी वाळत घालते. माझ्या नातीने एकदा विचारलं होतं, आजी, यात होतं काय? मी तिला नीट समजावून सांगितलं. यात काही होत नाही, बाळा. ओपल थाप मारते, फ्रान पकडते, टिली म्हणते की भांडायचंच तर दिवा बंद करून भांडा. मग तिघी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या पातेल्यातलं काहीतरी खातात. नवरे एक तर मेलेले, नाहीतर पळालेले. पुरुष येतात ते बेल वाजवून, आणि भाग संपायच्या आत आपल्या घरी जातात.

तिला पटलं नाही. ती नऊ वर्षांची आहे, तिला अजून घटना आवडतात. पण त्या काळी टीव्हीवर आमच्या वयाच्या बाईला दोनच कामं असायची, आजारी पडणं आणि लग्नात रडणं. या तिघी मात्र सकाळी उठून, लिपस्टिक लावून, एकमेकींचा अपमान करायला स्वयंपाकघरात यायच्या. मला त्या पाहून शाळा सुटल्यानंतरची वेळ आठवायची. काही मुलांना न्यायला कोणी आलेलं नसतं. ती बिचारी असतील असं आपल्याला वाटतं, आणि ती मात्र रिकाम्या मैदानावर झोपाळे अडवून बसलेली असतात.

भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. आपल्या तिघींतली ओपल कोण? लव्हॉन म्हणायची मी, कारण उघड आहे. बर्निस म्हणायची मी, कारण ओपलसारखी हजरजबाबी इथे दुसरी कोण आहे? आणि मी म्हणायचे की दोघींनी नीट विचार केला तर उत्तर तुम्हाला स्वतःलाच सापडेल. यावर दोघी एकमेकींकडे बघायच्या. त्या का बघतात याचा मी कधी विचार केला नाही.

तक्रार केली नॉर्बर्ट फिस्कने. तो आमचा शेजारी. गवताची उंची पट्टीने मोजणारा माणूस. आमच्या दारात गाड्या जास्त, चार वाजता हसणं जास्त, आणि माणसंही जास्त, असं त्याने कॉलनीच्या समितीला कळवलं. समितीने आम्हाला बोलावलं. नियम खरोखर मोडलेला असेल तर महिनाअखेर लव्हॉनला जावं लागणार होतं.

मी तयारीला लागले. एका मोठ्या कागदावर आमच्या घराचा तक्ता केला, कचरा कोण टाकतं, गवत कोण कापतं, सगळं रंगीत खडूंनी. दोघींना समोर बसवून समजावलं की सभेत एकीने बोलायचं, दोघींनी हसतमुख राहायचं, आणि काहीही झालं तरी आपसात भांडायचं नाही. शिस्तीतल्या तीन सभ्य स्त्रिया दिसल्या पाहिजेत. लव्हॉनने मान डोलावली. बर्निसने विचारलं की शू लागली तर हात वर करायचा का. मी हो म्हणाले, आणि मग माझ्या लक्षात आलं की ती चेष्टा करत होती.

सभा क्लबहाउसमध्ये होती. अध्यक्ष हॉलिस बर्गमन, निवृत्त दंतवैद्य, समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत त्याच्या तोंडात बघत राहणारा. शेजारी चिटणीस युनिस, पुढ्यात नियमांचं जाडजूड बाड. नॉर्बर्ट पहिल्या रांगेत, आणि त्याची बायको पॉलेट शेवटच्या रांगेत, जणू ती दुसऱ्याच कोणाबरोबर आली होती. लव्हॉनने निळा ड्रेस घातला होता आणि पर्स दोन्ही हातांनी मांडीवर धरली होती.

मी तक्ता लावला आणि बोलले. चांगलं बोलले. हॉलिसने शेवटपर्यंत ऐकलं आणि खेदाने मान हलवली. त्याचं म्हणणं असं की तक्ता सुंदर आहे, पण नियम माणसं मोजतो, कामं नाही. त्याने लव्हॉनकडे पाहून विचारलं की मुलाकडे जाण्यात काही अडचण आहे का. लव्हॉन हसली आणि म्हणाली, मुळीच नाही, मला बर्फ फार आवडतो.

इतकी वाईट थाप तिने जन्मात मारली नसेल. बर्निस तक्त्याकडे बघत बसली.

हॉलिसलाही ते जाणवलं असावं. वातावरण हलकं करायला तो म्हणाला की आमच्या घरीही ती लाँड्रीवरच्या बायकांची मालिका लागते, तुमच्याकडे बघून तिचीच आठवण होते. आणि सहज विचारावं तसं त्याने विचारलं, “तुमच्यातली ओपल कोण?”

“मी,” आम्ही तिघी म्हणालो.

बर्निसने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. “तू? अगं, मी भांडी घासली की तू फ्रिजवर चांदणी चिकटवतेस. मी बाहत्तर वर्षांची घोडी आहे.”

मी शांतपणे सांगितलं की कौतुकाने कोणाचं नुकसान होत नाही, आणि आपण सभेत आहोत.

“हे बघा,” बर्निस समितीला म्हणाली. “चोवीस तास हे असं.”

लव्हॉनने तिला सांगितलं की तू तरी कोण मोठी लागून गेलीस, पेपर टॉवेल धुऊन वाळत घालणारी टिली तू. बर्निस म्हणाली की मी निदान वयाबद्दल डॉक्टरशी खोटं बोलत नाही. इतकी औषधं चुकीच्या वयाची घेऊन ही बाई जिवंत आहे हाच चमत्कार. मी मध्ये पडून दोघींना सांगितलं की बोलायचं असेल तर एकेकीने बोला. त्यावर दोघी एका सुरात म्हणाल्या, तू गप्प बस.

तेवढ्यात मागून आवाज आला. पॉलेट उभी राहिली होती.

“ओपल लव्हॉनच आहे,” ती म्हणाली. “आणि मार्लिस, तू फ्रान आहेस गं. सगळ्या कॉलनीला माहीत आहे.”

नॉर्बर्टने वळून विचारलं की तुला कसं माहीत. पॉलेट म्हणाली, रोज चार वाजता मी मागच्या दाराने यांच्याकडेच मालिका बघायला जाते, तुला काय वाटलं, पोहायला जाते? माझे केस कधी ओले दिसले का तुला?

पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी फ्रान. मी त्या फ्रानला आयुष्यभर हसत आले होते. खुर्ची मिळाली असती तर बसले असते, पण खुर्चीवर माझा तक्ता होता.

माझ्या तोंडाकडे बघून लव्हॉनला बहुधा दया आली, आणि म्हणून ती बर्निसवर घसरली. तू कृतघ्न आहेस, म्हणाली. तुझ्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा कोण आलं होतं?

“आली होती,” बर्निस म्हणाली. “सांगतेच आता यांना. आयसीयूत फक्त जवळच्या नातेवाइकांना सोडतात. ही तिथे जाऊन नर्सला म्हणाली, मी तिची सख्खी बहीण. बघा हिच्याकडे, लाल केस, दुधासारखी गोरी. आणि बघा माझ्याकडे. नर्सने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा काचेतून माझ्याकडे पाहिलं.”

“आणि?” हॉलिसने विचारलं.

“आणि ही म्हणाली, मी आईवर गेले. सोडलं हो आत. आत येऊन हिने काय केलं? माझं पुडिंग खाल्लं.”

“तुला गिळता येत नव्हतं,” लव्हॉन म्हणाली.

“मला बघता येत होतं ना. रात्रंदिवस उशाशी बसून राहिली बाई, माझ्या डोक्यावर हात ठेवून, आणि घोरत होती.”

हे बर्निस रागाने बोलली. लव्हॉनने पर्स उघडली, रुमाल शोधला, तो न घेताच पर्स बंद केली. शेवटी नॉर्बर्ट म्हणाला की हे सगळं ठीक आहे, पण नियमाचं काय.

हॉलिसने युनिसला विचारलं की कुटुंब म्हणजे काय, हे नियमात कुठे लिहिलं आहे का. युनिसने बाड पुढेमागे चाळलं. फ्लेमिंगो म्हणजे काय, हे लिहिलेलं होतं. कुटुंब म्हणजे काय, हे लिहिलेलं नव्हतं. ज्यांनी नियम केले त्यांना ते सांगायची गरज वाटली नसावी.

“मला चार बहिणी आहेत,” हॉलिस म्हणाला. “नातं नसलेली माणसं मी खूप पाहिली, नॉर्बर्ट. दवाखान्यात रोज यायची. ती एकमेकांशी फार चांगलं वागतात. असं बोलायला घरचंच माणूस लागतं.”

त्याने हात वर करायला सांगितले. समितीतल्या सगळ्यांचे हात वर झाले. पॉलेटनेही केला, तिला मताचा अधिकार नसताना. आणि कुटुंबात आणखी एक बाई वाढली तर कोणता नियम लागू होईल, असं तिने युनिसला विचारलं. नॉर्बर्ट त्या दिवशी फार घाईने घरी गेला.

लव्हॉनने बाहेर पार्किंगमध्येच ड्वाइटला फोन लावला. मी जरा लांब उभी राहिले, पण तिचा आवाज पार्लरमध्ये ड्रायरच्या वर चढवलेला आहे, तो ऐकू न येणं अवघड. खोली छान केलीस राजा, असं तिने त्याला सांगितलं. भाड्याने दे, चार पैसे येतील. माझं काय, माझ्या बहिणी मला सोडायला तयार नाहीत, रडून गोंधळ घातला दोघींनी सभेत, शोभतं का या वयात. बर्निस माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिने मला विचारलं की आपण रडलो का. मी म्हणाले, नाही. पण लव्हॉनला दुरुस्त करायला गेले नाही. फ्रान गेली असती.

घरी पोचेपर्यंत लव्हॉनने विचारही करून ठेवला होता. तिच्या मते पुढची खोली तिला मिळायला हवी, कारण सकाळचं ऊन तिच्या कातडीला मानवतं. पुढची खोली माझी आहे. सोफा तिथे खिडकीखाली बरोबर बसेल, हेही तिने दाखवलं. बर्निस म्हणाली की तिचं बरोबर आहे, मार्लिसला तसंही उन्हात काही दिसत नाही. मी दोघींना समोर बसवून शांतपणे समजावायला सुरुवात केली. माझं पहिलं वाक्य संपायच्या आत दोघी सोफ्याची दोन टोकं उचलून मला दारातून बाजूला व्हायला सांगत होत्या.

मी बाजूला झाले. कालपर्यंत हिला घराबाहेर काढायचं म्हटलं तर निदान नियमाचा आधार होता.